सासवडभोवतीचे मुरुमाचे रस्ते: नवख्यांसाठी, सरावलेल्यांसाठी, मुरलेल्यांसाठी

पुण्यातून ग्रॅव्हल राइडला, म्हणजे कच्च्या रस्त्यावरच्या सायकलफेरीला, निघायचं म्हटलं की बहुतेकांची सायकल आपोआप पश्चिमेला वळते. मुळशी, पवना, पानशेत. डोंगर तिकडे उंच, तळी तिकडे, फोटोही तिकडचेच. पण निव्वळ कच्च्या रस्त्याचा विचार केला तर पुरंदर तालुका उजवा, आणि त्याचं कारण पावसात आहे. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पुरंदर तालुक्याचं मुख्य गाव सासवड तिथून सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरवर, आणि तिथे पाचशे-सहाशे मिलिमीटर झाला तरी लोक समाधानी असतात. घाटमाथ्यावरचा कच्चा रस्ता दर पावसाळ्यात धुऊन जातो, त्यामुळे तिकडे एक तर डांबर-काँक्रीट असतं नाहीतर दगडगोट्यांची पायवाट. ग्रॅव्हल सायकलला हवा असतो तो मधला प्रकार, म्हणजे दाबून बसलेला मुरूम. तो टिकतो पर्जन्यछायेत.

दुसरं कारण गटाचं. दहा जणांच्या गटात तिघे तयारीचे, चौघे बऱ्यापैकी आणि तिघे पहिल्यांदाच कच्च्यात उतरणारे असतील, तर पुणे-लवासा-पुणे असा एकच लांबलचक रस्ता आखणं चुकीचं. मागचे दमतात, पुढचे वाट बघून थंड पडतात आणि शेवटी कुणाला तरी टेम्पोत घालून आणावं लागतं. त्याऐवजी मधे एक गाव धरायचं आणि त्याच्याभोवती फुलाच्या पाकळ्यांसारखे छोटे-मोठे फेरे आखायचे. प्रत्येक फेरा त्याच गावात परत येतो. ज्याला थांबायचंय तो थांबतो, ज्याची खुमखुमी बाकी आहे तो पुढच्या पाकळीला लागतो. सासवड यासाठी बनवल्यासारखं आहे: चहूकडे डोंगर, मधून कऱ्हा नदी, चहा-नाष्टा-पंक्चरचं दुकान-दवाखाना सगळं हाताशी.

जाताना बोपदेव घाट धरा. येवलेवाडीच्या पुढे साधारण चार किलोमीटरांत सव्वादोनशे-अडीचशे मीटर चढ आहे, पहाटे रहदारी कमी असते. दिवे घाटात ट्रक, बस आणि पालखी महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम, सायकलला जागाच उरत नाही. रेल्वेने येणाऱ्यांसाठी एक सूचना: ‘सासवड रोड’ हे स्टेशन सासवडला नाही, फुरसुंगीजवळ आहे, मधे वीसेक किलोमीटर आणि घाट पडतो. रेल्वे हवीच असेल तर पुणे-मिरज मार्गावरचं जेजुरी सोयीचं.

पाकळ्यांकडे वळण्याआधी पायाखालच्या जमिनीबद्दल सविस्तर बोललं पाहिजे. कारण इथे रस्त्याची अवघडता किलोमीटरवर ठरत नाही, चाकाखाली काय आहे यावर ठरते.

मुरूम म्हणजे कुजलेला, सुटा झालेला बेसॉल्ट. तांबूस-पिवळा, बारीक, थोडी माती धरून ठेवणारा. रोलर फिरवून दोन पावसाळे गेलेला मुरूम म्हणजे या भागातला सर्वोत्तम पृष्ठभाग: पाणी मुरतं, चाक रुतत नाही, पकड चांगली. तोच मुरूम उन्हाळ्यात सुटतो. खाली टणक थर आणि वर वाटाण्याएवढे खडे, अशा वेळी वळणावर पुढचं चाक काही न सांगता निसटतं. मार्च ते मे या काळात तीच पाकळी एक पायरी वरची समजा.

काळी माती हा वेगळाच विषय. कोरडी असताना ती डांबराइतकी छान. पण अर्धा तास पाऊस झाला की ती टायरला चिकटते, त्यावर खडे आणि काडीकचरा चिकटतो, आणि पन्नास मीटरच्या आत फोर्क व टायरमधली फट भरून चाक फिरायचं थांबतं. चालत ढकलली तरी तेच होतं. उपाय एकच: उचलून खांद्यावर घ्या, किंवा बांधाच्या कडेच्या गवतावरून न्या. चिखल भरलेला असताना गिअर मात्र बदलू नका. मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) चेनबरोबर ओढला जातो, चाकाच्या आऱ्यांत अडकतो आणि हँगर (त्याला फ्रेमशी जोडणारा तुकडा) तुटतो. पावसाळ्यातले बरेचसे ‘सायकल मोडली, गाडी पाठवा’ फोन याच कारणाने येतात. काळी माती कऱ्हेच्या काठाला आणि सखल शेतांत, मुरूम चढावर आणि माळावर, एवढं लक्षात ठेवलं तरी पावसात कुठली वाट सोडायची ते कळतं.

आणि सोलिंग. गावातला रस्ता पक्का होताना आधी मोठ्या दगडांचा थर अंथरतात, दगड मुठीहून मोठे, कोपरे धारदार. त्यावर खडी, त्यावर मुरूम, पाणी मारून रोलर, आणि पुढे निधी आला तर डांबर. खडी-मुरुमाच्या पायरीवरचा रस्ता सायकलला सोन्यासारखा. पण काम सोलिंगवरच थांबलेलं असेल तर ४० मिलिमीटरच्या टायरवर ते अंतर सायकलवर बसून पार होत नाही, आणि काम थांबलं म्हणजे कधीकधी दोन वर्षंही थांबतं. म्हणून अंतर मोजताना एक ढोबळ हिशेब ठेवावा: दाबलेल्या मुरुमाचा एक किलोमीटर म्हणजे डांबराचा सव्वा, सुट्या मुरुमाचा म्हणजे दीड, सोलिंगचा म्हणजे तीन. चाळीस किलोमीटरच्या फेऱ्यात चार किलोमीटर सोलिंग निघालं तर घरी पोचायची वेळ अर्धा-पाऊण तास पुढे गेली.

हे घरबसल्या बऱ्यापैकी कळतं. उपग्रहाच्या चित्रात रस्ता तांबूस दिसला तर मुरूम, करडा-पांढरा दिसला तर खडी, आणि आजूबाजूच्या शेताच्याच काळ्या रंगाचा दिसला तर मातीची गाडीवाट. चित्र कोणत्या महिन्यातलं आहे तेही बघा, ऑगस्टच्या हिरव्या चित्रात काहीच समजत नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर पाणंदी, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या गावाच्या कच्च्या वाटा, बऱ्याच आहेत, पण पाणंद आणि खासगी बांध यांतला फरक नकाशाला कळत नाही. शिवाय पुरंदरच्या डोंगरउतारांवर पाणलोटाच्या कामात सलग समतल चर खोदलेले आहेत. दोन फूट रुंद, फूट-दीड फूट खोल, उताराला आडवे, एकाखाली एक. नकाशावर सरळ दिसणारी डोंगरावरची वाट प्रत्यक्षात असे पंधरा-वीस चर ओलांडत जाते. दर पन्नास पावलांना सायकल उचलायची तयारी नसेल तर अशा वाटेच्या नादी लागू नका. गवत वाढल्यावर हे चर दिसतच नाहीत, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात अनोळखी माळावर उताराला वेग ठेवणं म्हणजे दात पाडून घेण्याची सोय.

आता पाकळ्या.

पहिली, नवख्यांची: सासवड – चांबळी – कोडीत – गराडे आणि परत. २५ किलोमीटरच्या आसपास, चढ दोन-अडीचशे मीटर. कऱ्हा गराड्याच्या बाजूच्या डोंगरांतून येते आणि हा फेरा नदीच्या उलट दिशेने, खोऱ्याच्या तळाने जातो. त्यामुळे चढ सगळा जाताना आणि हलका. परतताना, पाय दमलेले असतात तेव्हा, उतार हाताला लागतो. नवख्यांचा रस्ता असाच असावा. मुख्य रस्ता डांबरी आहे, त्याला समांतर शेतांमधून पाणंदी जातात. पहिल्यांदा येणाऱ्यांनी जाताना डांबर धरावं आणि परतताना पाणंदीत उतरावं: अंग मोकळं झालेलं असतं, उतार मंद असतो, आणि नाहीच जमलं तर शे-दोनशे मीटरवर डांबर आहेच. कोडीतला श्रीनाथ म्हस्कोबाचं देऊळ आहे, पाणी आणि सावली दोन्ही मिळते. आचार्य अत्र्यांचं जन्मगावही हेच. गराडे धरणाच्या भिंतीजवळ थांबायला जागा छान, पण पाण्यात उतरू नका, काठाचा गाळ फसवा असतो.

दुसरी, अंतराने छोटी पण शेवटी दम काढणारी: सासवड – सोनोरी – मल्हारगडाचा पायथा आणि परत, पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर. सोनोरीपर्यंत काही विशेष नाही. गावातली पानशांची गढी बघून घ्या. पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख ते हेच, आणि मल्हारगडही त्यांनीच बांधला, १७५७ ते १७६० च्या सुमारास. गावापासून पायथ्यापर्यंतचा तुकडा मात्र चढाचा पहिला धडा आहे. रस्ता सुटा आणि चढ मधेच तीव्र. बसून चढायचं, उभं राहायचं नाही. उभं राहिलात की मागच्या चाकावरचं वजन निघतं आणि ते जागच्या जागी फिरतं. खोगिराच्या पुढच्या टोकाकडे सरका, कोपर वाकवून छाती हँडलकडे आणा, म्हणजे पुढचं चाकही उचललं जात नाही. थांबलात तर सुट्या चढावर पुन्हा बसून सुरुवात होत नाही. सायकल रस्त्याला तिरकी लावून एक पेडल मारा आणि मग वळवा. सोनोरीतून चढून पलीकडे झेंडेवाडीत उतरायचा मोह होतो. मधली धार सायकल घेऊन चालण्याची आहे, गट मिश्र असेल तर आल्या वाटेनेच परत या.

तिसरी, सरावलेल्यांची: सासवड – नारायणपूर – पुरंदरचा पायथा. सासवडच्या बाहेर पडताच चांगावटेश्वराचं देऊळ लागतं, तिथून नारायणपूरपर्यंत डांबर आणि सलग, न संपणारा चढ. गुरुवारी आणि पौर्णिमेला नारायणपूरच्या दत्तमंदिराला गर्दी असते, तो दिवस टाळा. पायथ्याच्या वाड्यांना जोडणारे कच्चे रस्ते इथली खरी मजा. एका बाजूला वज्रगड-पुरंदरची भिंत आणि खाली कऱ्हेचं खोरं. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्राशिवाय प्रवेश नाही, म्हणून वर जायचं असेल तर ते बरोबर ठेवा. एक सापळा सांगून ठेवतो: नारायणपूरहून केतकावळ्याच्या बालाजीकडे उतरणारा घाट फार सुंदर आहे आणि सगळे ‘एवढं खाली जाऊन येऊ’ म्हणतात. जातात हसत. परतीचा रस्ता तोच घाट, भर दुपारी, दक्षिणेच्या उन्हात. पलीकडे कापूरहोळला गाडी उभी असेल तरच उतरा.

चौथी मुरलेल्यांची: सासवड – हिवरे – भिवरी – बोपगाव – कानिफनाथ. बोपगावापर्यंत चढ-उतारांची माळ, तिथून कानिफनाथाच्या डोंगराचा खडा चढ. शेवटच्या टप्प्यात दहा टक्क्यांच्या वरचे तुकडे एकामागून एक येतात. वर वारा, उघडं रान आणि पुण्याच्या बाजूचा मोठा देखावा. उतरताना काळजी घ्या, त्याबद्दल पुढे बोलूच. पहिली आणि चौथी जोडून केली तर दिवसभराची तगडी राइड होते. अंधार पडायच्या आत घाट उतरून खाली असा. बोपदेवच्या माथ्यावर उशिरा रेंगाळू नका, विशेषतः एकटेदुकटे असाल तर.

पूर्वेची बाजू, खळद-बेलसरवरून जेजुरी, मी पाकळ्यांत मुद्दाम धरलेली नाही. चढ कमी, मोकळा माळ, रस्तेही चांगले, त्यामुळे नवखे तिकडेच जायचं म्हणतात. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा असतो. जाताना पाठीवर असल्याने तासाला पंचवीसचा वेग सहज लागतो, आपण फारच तयारीचे आहोत असं वाटतं, आणि परतताना तोच वारा तोंडावर घेऊन तासाला बारा. हिवाळ्यात जा, किंवा एकाच बाजूने जाऊन जेजुरीहून रेल्वेने परत या. सोमवती अमावस्येला जेजुरीच्या दिशेला फिरकूच नका. आषाढी वारीत माउलींची पालखी सासवडला दोन मुक्काम करते, त्या आठवड्यात सायकल घरी ठेवून चालायला जा.

सायकलच्या बाबतीत पहिला प्रश्न टायरचा नाही, गिअरचा आहे. पुढे ४६/३० दाते आणि मागे ११-३४ असेल, तर सर्वांत हलक्या गिअरवर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल १.९ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या म्हणजे तासाला ७ किलोमीटर. माणूस, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो धरले, तर दहा टक्के चढाच्या कच्च्या रस्त्यावर या वेगाला १८०-१९० वॉट लागतात. नवख्याला सलग १३० वॉट निघाले तरी पुष्कळ. म्हणजे त्याच्या फेऱ्या चाळीसवर येणार, प्रत्येक फेऱ्यात झटका बसणार, मागचं चाक घसरणार आणि संध्याकाळी गुडघा बोलणार. ही ताकदीची कमतरता नाही, दात्यांची आहे. साध्या हायब्रिडला पुढे २८ आणि मागे १४-२८ चं सात गिअरचं फ्रीव्हील असतं. तिथे १४-३४ चं बसवून घ्या. डिरेलरची क्षमता ३४ दात्यांची आहे का ते दुकानदाराला तपासायला सांगा आणि चेन नवी, लांब घ्या. हा बदल महागड्या टायरपेक्षा जास्त उपयोगी. ग्रॅव्हल सायकल नसेल म्हणून अडू नका. पहिल्या दोन पाकळ्या हायब्रिड आणि साधी एमटीबी (माउंटन बाइक) आरामात करते.

हवा. सत्तर किलोच्या माणसाला, ७००×४० च्या ट्यूबलेस टायरमध्ये पुढे ३० आणि मागे ३३-३४ पीएसआय. ट्यूब असेल तर पाच-सहा वाढवा. ३५ च्या टायरला ट्यूबसह पुढे ४२, मागे ४६. एमटीबीच्या २.१ इंची टायरला २५ ते ३०. दर दहा किलो वजनामागे दोन-तीन पीएसआय कमी-जास्त. डांबरावरच्या सवयीने ७० भरून येणारे पहिल्या पाणंदीतच ओळखू येतात, हँडलवर हात नाचत असतात. पण फार कमी केली आणि ट्यूब असेल तर सोलिंगच्या दगडावर ट्यूब रिमला आपटून चिरते. शेजारी-शेजारी दोन छोट्या चिरा दिसल्या तर समजा हवा कमी होती. एकच बारीक भोक असेल तर काटा.

आणि काटा असतोच. बाभूळ, बोर, शेताच्या कडेला तोडून टाकलेल्या फांद्या. बांध साफ केल्यावर कुंपणाचे काटे पाणंदीतच पडतात, म्हणून ताजी छाटणी दिसली की उतरून सायकल उचलून न्या. ट्यूबलेसमध्ये सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) ६० ते ९० मिलिलिटर घाला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत वाळतं; चाक कानाशी हलवून आत खळखळ ऐकू आली नाही तर भरायची वेळ झाली. काटा दिसला आणि हवा जात नसेल तर घरी पोचेपर्यंत उपटू नका. ट्यूबवाल्यांनी पंक्चर काढताना टायर आतून बोटाने चाचपू नये, जुनी सुती चिंधी फिरवावी. काट्याचं टोक चिंधीला अडकतं. ते टोक तिथेच राहिलं तर नवी ट्यूबही शंभर मीटरवर बसते.

बरोबर न्यायच्या गोष्टी: दोन ट्यूब, पॅच, टायर काढायच्या पट्ट्या, पंप, ४-५-६ चे अ‍ॅलन पाने, चेन तोडायचं हत्यार आणि आपल्या चेनची जोडकडी, आपल्याच फ्रेमचा हँगर (हा दुसऱ्या कुणाचा बसत नाही, म्हणून प्रत्येकाकडे स्वतःचा हवा), चार-सहा केबल टाय, आणि जुन्या टायरचा तीन इंची तुकडा. टायरची बाजू दगडाने फाटली तर आतून हाच गेटर लावायचा. प्रेस्टा (सायकलचा बारीक) व्हॉल्व्ह असेल तर पितळी अ‍ॅडॅप्टर खिशात असू द्या. गावच्या पंक्चरच्या दुकानात कंप्रेसर असतो, पण नळी मोटरसायकलच्या व्हॉल्व्हची. आणि ती नळी सायकलला लावताना हात धरून थोडी-थोडी हवा घ्या; दुकानदार नेहमीच्या सवयीने दाबून भरतो आणि छोट्या टायरला ती फार होते.

उतार. इथे बहुतेक जण पुढचा ब्रेक धरायला घाबरतात आणि मागचाच दाबत राहतात. मागचं चाक अडकून घसरत जातं, वेग मात्र कमी होत नाही. सरळ रेषेत असताना दोन्ही ब्रेक वापरून वेग आधीच उतरवा आणि वळणात शिरताना पुढचा सोडा. बाहेरचं पेडल खाली, वजन त्यावर. नजर वळणाच्या शेवटाला. पावसाच्या ओघळी रस्त्याच्या लांबीने गेलेल्या असतात: त्यांच्यात चाक घातलं की ओघळ नेईल तिकडे जावं लागतं, म्हणून बाजू बदलायची झाली तर ती शक्य तितकी आडवी ओलांडा. शेतीच्या पाण्याचे पाइप पाणंदीवर आडवे टाकलेले असतात, काळे, सावलीत न दिसणारे. ओल्या पाइपावर तिरकं चाक गेलं की माणूस पडलाच. काटकोनात, पेडल न मारता, हँडल किंचित उचलून पार करा. पावसात रेझिनचे ब्रेक पॅड मुरुमाच्या गाळाने झपाट्याने झिजतात, कानिफनाथाचा उतार उतरण्यापूर्वी जाडी बघा. पावसाळ्यापुरते धातूचे पॅड बरे, आवाज करतात तेवढा करू द्या.

पाणंद गावाची असते, पण बांध कुणाच्या तरी मालकीचा. नकाशावरची वाट शेतात शिरली तर विचारून पुढे जा; ‘दादा, ही वाट पुढं निघती का?’ एवढं विचारलं की माणूस दोन वाटा जास्तीच्या सांगतो. रानडुकरांसाठी लावलेल्या तारेत झटका मशीन असतं, म्हणून कुंपणाची तार हाताने बाजूला करून घुसू नका. सुगीत रस्त्यावरच ज्वारी-बाजरी पसरलेली असते, कडेने चालत जा. अंजीर-सीताफळाच्या बागा रस्त्याला लागून आहेत आणि फळं हाताला येतात, तरी हात लावू नका. विकत मागितलीत तर झाडावरची मिळतात. धनगराचा कळप दिसला की लांबूनच थांबा. कुत्री कळपाची राखण करतात आणि वेगाने येणारी सायकल त्यांना धोका वाटते. उतरा, सायकल कुत्र्याच्या आणि आपल्या मधे धरा, चालत पुढे जा. पळवली तर ती मागे लागणारच. कुत्री इतकी सावध असण्याचं कारण या माळावर अजून लांडगा आहे. पहाटे दिसला तर भाग्य समजा, थांबून बघा, पाठलाग करू नका. वनखात्याच्या हद्दीतल्या गवतातून नव्या वाटा पाडू नका, आणि ऑक्टोबरनंतर तिथे काडी पेटवणं हा गुन्हाच समजा.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, आणि पुढच्या गावात मिळेल या भरवशावर न राहता दोन बाटल्या भरूनच निघायचं. ऑक्टोबरचं ऊनही चांगलंच खातं, म्हणून पाण्यात मीठ-साखर-लिंबू घाला. खायला दर तासाला केळं आणि राजगिऱ्याचा लाडू किंवा चिक्की. सासवडची मिसळ शेवटच्या पाकळीनंतर.

मावळात जायचंच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. भात निघालेलं असतं, खाचरांच्या कडेच्या वाटा वाळलेल्या असतात. कामशेत स्टेशनला उतरून बेडसे-करुंजवरून पवनानगर, तिथून तिकोना पेठ आणि तलावाच्या दक्षिण काठाने जवण, चावसर, मोरवे, तुंग. हा सरावलेल्यांचा दिवसभराचा रस्ता, जमेल तिथून मागे फिरता येतं ही त्याची सोय. मळवली-भाजे-लोहगडवाडीचा चढ अंतराने किरकोळ, पण मधले काही तुकडे पंधरा टक्क्यांच्या वर आणि शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी भरलेले. मधल्या वारी सकाळी जा, नाहीतर नकोच.

साताऱ्याकडचं चाळकेवाडीचं पठार मात्र वर्षातून एकदा तरी करावं. सातारा, बोगदा, सज्जनगड फाटा, ठोसेघर आणि वर पवनचक्क्या. जाऊन-येऊन साठ किलोमीटरच्या पुढे. पवनचक्कीचं एकेक पातं आणायला लांबलचक ट्रेलर लागले, म्हणून पठारावरचे जांभ्या-मुरुमाचे सेवारस्ते रुंद आणि मंद चढाचे केलेत. कष्ट आहेत ते ठोसेघरपर्यंतच्या घाटात. वर पोचल्यावर नवखाही मजेत फिरतो. म्हणून मिश्र गटाने नवख्यांना ठोसेघरपर्यंत गाडीने न्यावं आणि पठारावर सगळ्यांनी एकत्र सायकल चालवावी. धुक्यात जपा: प्रत्येक चक्कीकडे एक फाटा जातो आणि तिथेच संपतो, सगळे फाटे सारखे दिसतात, मार्ग फोनमध्ये उतरवून ठेवलेला नसेल तर तासभर गोल फिरणं होतं. रखवालदाराने अडवलं तर मुकाट्याने वळा, रस्ते कंपन्यांचे आहेत. जून ते ऑगस्ट इथे येऊ नका. चक्क्या इथे उभ्या केल्या त्याच वाऱ्यासाठी, आणि तो सायकल रस्त्यावरून उचलून बाजूला ठेवतो. सप्टेंबरात सड्यावर (पठारावरच्या उघड्या कातळावर) फुलं असतात, तेव्हा सेवारस्ता सोडून चाक खाली उतरवू नका.

परत आल्यावर सायकल मोटरसायकल धुवायच्या प्रेशरच्या नळीने धुऊ नका. पाणी हब आणि बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या मधल्या आसाच्या) बेअरिंगमध्ये शिरतं, आणि महिनाभराने पेडल मारताना कर्रकर्र सुरू झाली की लोक मुरुमाला दोष देतात. बादलीभर पाणी, ब्रश, चेनला केरोसिन न लावता कोरड्या फडक्याने पुसून दर कडीवर एकेक थेंब तेल, आणि पाच मिनिटांनी वरचं तेल पुसून टाका. वर राहिलेलं तेल मुरुमाची धूळ धरतं आणि ती धूळ चेनबरोबर कॅसेटही (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) खाते. पावसाळ्यात चालवत असाल तर चेन मोजायची पट्टी घ्या आणि वाढ ०.५ टक्क्यावर आली की चेन बदला. आणखी ताणलीत तर कॅसेटचा खर्चही बसतो.